मातीची गाडी आणि काडीचा त्रिकोण

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ ह्या प्रकरणाला ज्या प्रसंगावरून नाव मिळाले तो प्रसंग एका खेळण्याचा आहे. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळलेला चारुदत्ताचा मुलगा रोहसेन तीच गाडी हवी म्हणून हट्ट धरतो. रदनिका त्याला मातीची गाडी करून देते, ती त्याला नको असते. आणि अखेर वसंतसेना आपल्या अंगावरचे अलंकार त्या मातीच्या गाडीत घालून त्याची समजूत काढते. देवलांच्या संगीत रूपांतरामुळे हा प्रसंग मराठी रसिकाच्याही घरचा झाला आहे. त्यातील दारिद्र्य, त्यातील वात्सल्य, पुढे न्यायसभेत त्याच अलंकारांना येणारे महत्त्व, ह्या सर्वांचा विचार अभ्यासक करतात. एक साधी गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. रोहसेनापुढे आलेल्या दोन्ही गाड्या दुसऱ्यांच्या आहेत. सोन्याची गाडी शेजाऱ्याची, आणि मातीची रदनिकेने घडवलेली. मुलाचे भांडण मातीशी नाही. समजूत म्हणून हाती ठेवलेल्या तयार वस्तूशी आहे. मातीचा गोळा, दोन काड्या आणि चार चकत्या त्याच्यापुढे ठेवून ‘ह्याची चाके फिरतील का, पाहा बरे’ असे त्याला कोणी म्हटलेले नाही.

खेळणे देणे आणि खेळणे करावयास लावणे ह्यांतील हा भेद शिक्षणशास्त्राला आता अपरिचित नाही. जोडाजोडीच्या खेळण्यांतून मुले विज्ञानाची तत्त्वे आत्मसात करतात, हेही आता सर्वमान्य झाले आहे. परंतु ह्या खेळण्यांची एक बाजू शिक्षणशास्त्राच्या कक्षेबाहेर राहिली आणि साहित्याच्या अभ्यासकांनीही तिच्याकडे पाठ फिरवली. ती बाजू भाषेची होय. खेळणे कसे करावे हे सांगणारा मजकूर हे भारतीय भाषांतील विज्ञानविषयक गद्याचे एक महत्त्वाचे आणि उपेक्षित रूप आहे. किंबहुना ज्या थोड्या ठिकाणी आपल्या भाषांना विज्ञान खरोखरीच बोलता आले, त्यांतील हे एक ठिकाण आहे. त्याची नोंद वेळीच झाली नाही, तर नष्ट होईल ती केवळ काही पुस्तिकांची चळत नसून एक भाषिक अनुभव असेल.

जोडाजोडीच्या खेळण्यांचा आधुनिक इतिहास सामान्यतः लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी ह्यांच्यापासून सांगितला जातो. एका व्यापारी पेढीत नोकरी करणाऱ्या ह्या गृहस्थाने आपल्या मुलांसाठी धातूच्या पट्ट्या कापल्या, त्यांना समान अंतरावर छिद्रे पाडली, आणि नट-बोल्टने त्या जोडून यारी व पूल उभे केले. १९०१ मध्ये त्यांनी ह्या कल्पनेचे एकस्व घेतले. १९०७ मध्ये तिला ‘मेकॅनो’ हे नाव मिळाले. ह्या शोधाचे मर्म पट्टीत नाही, छिद्रांमधील समान अंतरात आहे. अर्ध्या इंचाचे ते अंतर एकदा ठरले की कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जोडता येते. घटक मोजके आणि मुके, अर्थ मात्र जोडणीतून उत्पन्न होणारा: भाषेच्या अभ्यासकाला ही रचना अनोळखी वाटू नये. हे खेळणे नुसते खेळणे राहिले नाही. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर ह्यांनी मेकॅनोच्या भागांतून विकलक समीकरणे सोडविणारे यंत्र उभारले आणि त्यातून गणिताचे खरे काम करून घेतले.

मेकॅनोच्याही आधी जर्मनीत फ्रोबेलने हाच विचार अधिक स्वस्त साधनांनी मांडला होता. १८३७ पासून ब्लँकेनबुर्ग येथे त्याने जी शिशुशिक्षणाची पद्धती घडवली, तिच्यात भिजवलेले वाटाणे आणि टोकदार काड्या ह्यांची जोडणी हा एक क्रम होता. वाटाण्यात काड्या खोचायच्या, आकार उभा करायचा. वाटाणा सुकला की सांधा घट्ट होतो. पोलादाची पट्टी आणि भिजलेला वाटाणा ह्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी तत्त्व एकच आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे पुढे भारतात जे घडले ते पाश्चात्त्य खेळण्याची गरीब नक्कल नव्हते, हे स्पष्ट होते.

भारतात ह्या विचाराची भूमी आधीच नांगरलेली होती. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. गुजरातेत गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासमवेत ताराबाई मोडक ह्यांनी बालशिक्षणाची चळवळ उभी केली. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ ह्यांच्या साथीने, जे काम केले त्यात माँटेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर परवडणार नाहीत हे उघडपणे मान्य केलेले होते. म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. ह्या परंपरेत एक गोष्ट आरंभापासून दिसते: साधन बदलले की साधनाविषयी बोलण्याची भाषाही बदलते. शिंपल्यांवर मोजणी शिकविणाऱ्या शिक्षिकेला परक्या साधनाचे परके नाव घोकून घ्यावे लागत नाही. गुजराती ‘शिक्षणपत्रिका’ ताराबाईंनी मराठीत चालविली ती ह्याच जाणिवेने. दोन भाषांमधून वाहणारे ते एकच काम होते.

ह्या भूमीत विज्ञानशिक्षणाचा जो सर्वांत लक्षणीय प्रयोग झाला तो मध्य प्रदेशात, तेव्हाच्या होशंगाबाद व आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत विज्ञान प्रयोगांतून शिकविण्यास प्रारंभ केला. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोचला. १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन होऊन तिने हे काम पुढे नेले. विद्यापीठांतील आणि संशोधनसंस्थांतील शास्त्रज्ञ खेड्यांतील शिक्षकांबरोबर बसून प्रयोग रचीत होते. त्यांच्या हातून घडलेली ‘बाल वैज्ञानिक’ ही हिंदी पुस्तके म्हणजे रूढ अर्थाने पाठ्यपुस्तके नव्हती. त्यांत निष्कर्ष दिलेले नसत. कृती आणि प्रश्न असत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रयोगाचीही परीक्षा होत असे.

ह्याच वातावरणात आगकाडीच्या खेळण्याचा जन्म झाला. कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडून पुण्याच्या मोटार कारखान्यात अभियंता म्हणून काम करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये होशंगाबादच्या कामात सहभागी झाले. सायकलच्या व्हॉल्व्हला लागणारी बारीक रबरी नळी आणि काडेपेटीतील काड्या, एवढ्या दोन वस्तूंतून त्यांनी जोडाजोडीची एक संपूर्ण पद्धती तयार केली. नळीचा छोटा तुकडा कापायचा, दोन्ही बाजूंनी एकेक काडी खोचायची, की दोन काड्यांचा सांधा झाला. तीन काड्यांचा सांधा हवा असेल, तर बाभळीच्या काट्याने नळीच्या तुकड्याला मधोमध छिद्र पाडायचे आणि तिसरी काडी त्यात रोवायची. ह्यापुढे चार, पाच, सहा काड्यांचे सांधे करता येतात. गावातील कोणत्याही किराणा दुकानात आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानात जे मिळते, त्यापलीकडे ह्या ‘मेकॅनो’ला काही लागत नाही.

ह्या खेळण्यातून काय शिकता येते हे एका उदाहरणाने पाहणे इष्ट होईल. तीन काड्या आणि तीन सांधे घेऊन त्रिकोण करावा. तो दाबला तरी आकार सोडीत नाही. चार काड्यांचा चौकोन करावा. तो हाताच्या हलक्या दाबाने तिरका होतो, पडतो. सांधा तोच, काडी तीच, मग एक पक्का आणि एक लुळा असे का? चौकोनात समोरासमोरचे दोन कोपरे जोडणारी एक लांब काडी घातली की तो उभा राहतो, कारण आता तो चौकोन राहिला नाही, दोन त्रिकोण झाले. सहा काड्या आणि चार सांधे ह्यांचा चतुष्फलक ढळत नाही. बारा काड्यांचा घन मात्र कोसळतो, आणि त्याला सावरायला सहाही पृष्ठांवर एकेक तिरकी काडी घालावी लागते. दोन त्रिकोण तीन काड्यांनी जोडले की तंबूचा आकार मिळतो, पण तोही डुलतो, कारण त्याच्या बाजू चौकोनी आहेत. तीस काड्यांचा आणि बारा सांध्यांचा, वीस त्रिकोणांनी बनलेला गोलसर आकार मात्र ठाम उभा राहतो. काड्या व सांधे ह्यांच्या संख्यांत जे नाते आहे ते एकोणिसाव्या शतकात मॅक्सवेलने सूत्रबद्ध केले. सातवीतल्या मुलाला ते सूत्र ठाऊक नसते, परंतु ते सूत्र ज्या वस्तुस्थितीचे आहे ती त्याच्या बोटांना ठाऊक झालेली असते. असे मूल घरी येऊन मान वर करते, तेव्हा छपराची कैची त्याला नव्याने दिसते.

साहित्याच्या अभ्यासकाने जेथे थांबावे ती जागा नेमकी हीच. वरील परिच्छेदात ‘पक्का’, ‘लुळा’, ‘डुलतो’, ‘ढळत नाही’ असे शब्द आले. ह्यांतील एकही शब्द परिभाषाकोशातला नाही. कोशात ‘दृढ’ असेल, ‘अस्थिर’ असेल, ‘संरचना’ असेल. हे शब्द वाईट आहेत असे नव्हे. १९६० मध्ये महाराष्ट्रात भाषा संचालनालय आणि १९६१ मध्ये केंद्रात वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला, तेव्हा भारतीय भाषांना उच्च विज्ञान पेलता यावे हीच आकांक्षा होती, आणि ती योग्यच होती. दोष आहे तो क्रमाचा. आपल्या पाठ्यपुस्तकांत शब्द आधी येतो आणि वस्तू मागाहून, पुष्कळदा वस्तू येतच नाही. ‘दृढ संरचना म्हणजे...’ असे आरंभलेले वाक्य मूल पाठ करते; लुळा चौकोन त्याने कधी हातात धरलेला नसतो. काडीच्या खेळण्यात क्रम उलटा आहे. चौकोन पडतो, मूल ‘हा लुळा आहे’ असे म्हणते, आणि मग शिक्षकाने ‘ह्या लुळेपणाच्या उलट जे, त्याला दृढ म्हणतात’ असे सांगितले तर तो संस्कृत शब्दही परका राहत नाही. बोलीतील शब्द आणि परिभाषा ह्यांचे वैर कोशात सोडवता येत नाही. ते वस्तूच्या साक्षीनेच मिटते.

भारतीय भाषांतील विज्ञानलेखनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर मुख्यतः दुसऱ्या एका गद्याकडे लक्ष दिले आहे. ते म्हणजे निरूपणाचे गद्य. रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये ‘विश्वपरिचय’ लिहून तो सत्येंद्रनाथ बोस ह्यांना अर्पण केला. बोस ह्यांनी १९४८ मध्ये बंगीय विज्ञान परिषद स्थापून मातृभाषेतील विज्ञानाचा आग्रह आयुष्यभर धरला. केरळात १९६२ मध्ये शास्त्र साहित्य परिषद उभी राहिली, आणि तिच्या नावातच ‘साहित्य’ हा शब्द आहे. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. ही परंपरा मोठी आहे आणि तिचा गौरव यथार्थ आहे. परंतु निरूपणाच्या गद्यात लेखक जाणतो आणि वाचक ऐकतो. आकाशगंगेचे वर्णन कितीही रसाळ असले तरी वाचकाने त्यात करण्यासारखे काही नसते. कृतीचे गद्य ह्याहून निराळे. त्यात वाक्य संपते तेथे अर्थ संपत नाही. वाचकाचा हात हलला तरच ते पुरे होते. ‘आता चौकोन हलकेच दाबा. काय झाले?’ ह्या प्रश्नाचे उत्तर छापलेले नसते. अर्थनिर्मितीतील वाचकाच्या वाट्याविषयी साहित्यशास्त्रात पुष्कळ चर्चा होते. त्या वाट्याचे इतके रोकडे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

‘बाल वैज्ञानिक’मधील ‘सवालीराम’ हे ह्या संदर्भात आवर्जून आठवावे असे पात्र आहे. हा सवालीराम कोणी खरा मनुष्य नव्हे. मुलांनी आपले प्रश्न त्याला पत्राने कळवावेत आणि त्याच्याकडून उत्तर यावे, अशी ती योजना होती. खेड्यापाड्यांतून मुलांनी त्याला पत्रे लिहिली आणि त्या पत्रांना उत्तरे गेली. एका काल्पनिक पात्राने खऱ्या मुलांशी पत्रव्यवहार करावा, ही घटना बालवाङ्मयाच्या इतिहासात नोंदण्याजोगी नाही काय? तरीही ती शिक्षणाच्या अहवालांत राहिली, साहित्याच्या इतिहासांत आली नाही.

कृतीच्या गद्यात भाषेचे जे प्रश्न उभे राहतात ते दिसतात त्याहून सूक्ष्म आहेत. क्रियापदाच्या रूपाचाच प्रश्न घ्यावा. इंग्रजीत ‘दोन काड्या घे’ आणि ‘दोन काड्या घ्या’ ह्यांत भेद नाही. मराठीत मात्र लेखकाला आधी ठरवावे लागते की समोर कोण आहे. ‘घे’ म्हटले तर मूल समोर आहे, आणि लेखक वडीलधारा आहे. ‘घ्या’ म्हटले तर वर्गातील सर्व मुले आहेत, किंवा आदराने संबोधलेला शिक्षक आहे. ‘घ्याव्यात’ म्हटले की जुन्या पाकशास्त्राच्या पुस्तकाचा आणि सरकारी परिपत्रकाचा सूर लागतो. ‘घेऊ या’ म्हटले की लेखक शेजारी येऊन बसतो. हिंदीत ‘लो’, ‘लीजिए’ आणि ‘लें’ ह्यांत, बंगालीत ‘नाओ’ आणि ‘निन’ ह्यांत हीच निवड करावी लागते. म्हणजे खेळण्याची साधी पुस्तिका एका भारतीय भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना अनुवादकाला प्रत्येक वाक्यात मूल आणि मोठे माणूस ह्यांच्यातील नाते ठरवावे लागते. कादंबरीच्या अनुवादात हा प्रश्न आला असता तर त्यावर प्रबंध झाले असते.

शीर्षकाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. अरविंद गुप्ता ह्यांच्या एका हिंदी पुस्तकाचे नाव ‘कबाड़ से जुगाड़’ असे आहे. मराठीत अशा कामासाठी ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा वाक्प्रचार सर्वत्र रूढ आहे, आणि तो नादालाही गोड आहे. पण अर्थाच्या दृष्टीने तो ह्या खेळण्यांना उलटा पडतो. ‘जुगाड़’ मध्ये हातघाईची युक्ती आहे, तात्पुरतेपणा आहे, थोडा खट्याळपणाही आहे. ‘टिकाऊ’मध्ये घरात शोभेची वस्तू म्हणून ठेवण्याचा भाव आहे. काडीचा घन टिकावा अशी अपेक्षाच नाही. तो मोडून त्याच काड्यांचा तंबू व्हावा, तंबूचा मनोरा व्हावा, ही अपेक्षा आहे. शाळांच्या प्रदर्शनांत ‘टाकाऊतून टिकाऊ’ ह्या फलकाखाली रंग दिलेल्या बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसतात आणि त्यांना हात लावण्यास मनाई असते, ह्याचे मूळ काही अंशी ह्या वाक्प्रचारात तर नसेल? एका चुकीच्या शब्दामुळे एक संपूर्ण शिक्षणपद्धती कपाटात जाऊन बसू शकते. असे शब्द पारखणे हे ज्यांचे काम, त्यांनी हे काम आपले मानलेले नाही.

मराठी साहित्य ह्या बाबतीत सर्वस्वी उदासीन राहिले असे मात्र म्हणता येणार नाही. अनिल अवचट ह्यांनी ‘छंदांविषयी’ लिहिताना कागदाच्या घडीपासून हाताच्या इतर कामांपर्यंतचा अनुभव ललित गद्यात आणला, आणि हात विचार करतो हे मराठी वाचकाला पटवून दिले. पुण्याच्या ‘आयुका’ ह्या खगोलशास्त्रीय संस्थेच्या आवारात मुलांसाठी जी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली, तिच्या वास्तूचे नाव ‘पुलस्त्य’ असे आहे. हे सप्तर्षींतील एका ताऱ्याचे नाव, त्यात पु. ल. देशपांडे ह्यांच्या नावाची आद्याक्षरेही आहेत, आणि त्यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून ही वास्तू झाली. मराठीतील सर्वांत लोकप्रिय विनोदी लेखकाच्या नावाचे हे स्मारक मुलांच्या खेळण्यांच्या कामी आले. अरविंद गुप्ता ह्यांनी २००३ ते २०१४ ह्या काळात तेथे काम केले. त्यांच्या खेळण्यांच्या पुस्तिका आणि लघुपट अनेक भारतीय भाषांत गेले आणि सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाले. भारतीय भाषांच्या परस्परविनिमयाविषयी परिसंवादांतून जे बोलले जाते, त्याचे हे प्रत्यक्ष रूप होते. परंतु परिसंवादांत त्याचा उल्लेख अभावानेच होतो.

ह्या विचारावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, श्रीमंताच्या मुलाला पोलादी मेकॅनो आणि गरिबाच्या मुलाला काड्या, ही व्यवस्था म्हणजे रोहसेनाला मातीची गाडी देऊन गप्प करणेच नव्हे काय? प्रयोगशाळा देण्याचे टाळण्यासाठी सरकारांना ‘टाकाऊ’ वस्तूंचे कौतुक सोयीचे ठरते, हे नाकारता येणार नाही. ह्या आक्षेपाला होशंगाबादच्या इतिहासानेच उत्तर दिले आहे. त्या कार्यक्रमात शाळांना प्रयोगसाहित्याचा संच पुरविण्याची, शिक्षकांच्या प्रशिक्षणाची आणि वेगळ्या परीक्षेची व्यवस्था होती. काडी आणि नळी ही त्या व्यवस्थेची पूरक होती, तिची जागा घेणारी नव्हती. मातीच्या गाडीत अपमान मातीमुळे येत नाही; सोन्याची गाडी अस्तित्वात असताना केवळ समजूत म्हणून ती दिली जाते, म्हणून येतो. काडीचा त्रिकोण शहरातल्या संपन्न शाळेतही तितकाच शिकवतो, आणि तेथेही तो करावयास हवा. तसे झाले तरच तो गरिबांसाठी राखून ठेवलेला तोडगा ठरणार नाही.

दुसरा आक्षेप साहित्यिकांच्या बाजूने येईल. खेळणे कसे करावे ह्याच्या सूचना म्हणजे साहित्य नव्हे. त्यांत ना भावना, ना शैली. ह्यावर एवढेच म्हणता येईल की, साहित्याची व्याख्या आपल्या परंपरेने इतकी अरुंद कधीच ठेवली नव्हती. शिल्पशास्त्र, पाकशास्त्र, नाट्यशास्त्र ह्यांच्या ग्रंथांचा अभ्यास भाषाविभागांतून होतोच. हजार वर्षांपूर्वीच्या यंत्रवर्णनावर संशोधन करणे प्रतिष्ठेचे मानले जाते. मग चाळीस वर्षांपूर्वी छापलेल्या, स्वस्त कागदावरच्या पुस्तिकेने काय अपराध केला? शैलीचे म्हणाल, तर सहा काड्यांतून चतुष्फलक कसा उभा करावा हे बारा वर्षांच्या मुलाला चित्राच्या मदतीने सहा वाक्यांत सांगणे ही शैलीची कठोर कसोटी आहे. वाक्य संदिग्ध असेल तर आकार उभाच राहत नाही. इतक्या तत्काळ आणि इतक्या निष्ठुरपणे कोणत्याही समीक्षकाने कोणत्याही लेखकाला जाब विचारलेला नाही.

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे, ह्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, खेळण्याला राज्यव्यवहारात अकस्मात महत्त्व आले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने खेळातून आणि कृतीतून शिकण्यावर भर दिला; २०२१ मध्ये देशव्यापी खेळणी मेळा दूरस्थ पद्धतीने भरला; खेळण्यांच्या आयातीवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. देशी खेळण्यांना उत्तेजन मिळावे ह्यात गैर काहीच नाही. परंतु सीमाशुल्काच्या भाषेत खेळणे ही केवळ विकावयाची वस्तू असते. सुबक डब्यातला तयार संच, त्यातील भाग मोजून ठेवलेले, आणि त्यांतून करावयाची प्रतिकृती डब्यावरच छापलेली, असे खेळणे मुलाला अनुसरण शिकवते, विचार शिकवीलच असे नाही. त्यातील सूचनापत्रक इंग्रजीत असेल किंवा यंत्रवत् केलेल्या अनुवादात असेल, तर मुलाच्या भाषेला त्या खेळात काहीच स्थान उरत नाही. देशी बनावटीचे खेळणे परभाषेत खेळले जाणे ही विसंगती धोरणकर्त्यांच्या ध्यानी येणे कठीण. भाषेच्या अभ्यासकांनी ती दाखवून दिली पाहिजे.

दुसरे कारण काळाचे आहे. होशंगाबादचा कार्यक्रम सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोचल्यावर २००२ मध्ये राज्य शासनाच्या निर्णयाने बंद झाला. कार्यक्रम बंद झाला की त्याची पुस्तके वर्गातून उठतात. अशा पुस्तिकांना ग्रंथालयात क्रमांक मिळत नाही, त्यांच्या आवृत्त्यांची सूची होत नाही, निनावी अनुवादकांची तर स्मृतीही उरत नाही. शिवाय ज्या वस्तूंवर हे गद्य उभे आहे त्याही सरत चालल्या आहेत. कॅमेऱ्यातील फिल्मच्या ज्या छोट्या डब्या एके काळी कितीतरी खेळण्यांत वापरल्या जात, त्या आता दिसत नाहीत; सायकलचे नवे व्हॉल्व्ह रबरी नळीवाचून चालतात. आणखी तीस वर्षांनी ‘व्हॉल्व्हची नळी दीड सेंटिमीटर कापा’ ह्या वाक्याला टीप द्यावी लागेल, जशी आज आपण जुन्या बखरीतील शस्त्रांच्या नावांना देतो. ती टीप लिहिण्यास लागणारे ज्ञान ज्यांच्याजवळ आहे ती माणसे आज हयात आहेत.

म्हणून विद्यापीठांच्या भाषाविभागांनी काही साध्या गोष्टी हाती घ्याव्यात. कृतीच्या पुस्तिका सर्व भारतीय भाषांतून गोळा कराव्यात, त्यांच्या आवृत्त्यांची व अनुवादांची सूची करावी. एकच खेळणे पाच भाषांत कसे सांगितले गेले ह्याचा तौलनिक अभ्यास एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घ्यावा. क्रियापदांची रूपे, मापांचे शब्द, वस्तूंची स्थानिक नावे, कोणता शब्द संस्कृतातून आला आणि कोणता सायकलच्या दुकानातून, हे त्याने नोंदवावे. परिभाषा घडविणाऱ्या समित्यांनी हे संग्रह पाहावेत, कारण मुलांच्या तोंडी टिकलेले शब्द तेथे सापडतील. आणि अभ्यास करणाऱ्याने, निदान एकदा, वाचलेले वाक्य हाताने करून पाहावे. सहा काड्या, चार सांधे आणि बाभळीचा एक काटा एवढीच त्यासाठी सामग्री लागते. चतुष्फलक उभा राहिला नाही, तर दोष हाताचा की वाक्याचा हे ठरविणे, हाच त्या अभ्यासाचा पहिला पाठ होईल.